रंगांचे साधक : चित्रकार आबालाल रहिमान

आपल्या घरांतून एखादा मुलगा किंवा मुलगी चित्रे काढू लागली, की दोन प्रकारची बोलणी कानी पडतात. पाहुण्यांसमोर वही आणून दाखवली जाते, मुलाचे कौतुक होते. पुढे तोच मुलगा आठवी-नववीत गेला आणि तरीही त्याच्या हातातील ब्रश सुटला नाही, म्हणजे घरात काळजी सुरू होते. यातून पोट कसे भरणार, हा वडिलांचा प्रश्न असतो. त्यातच मुलाने तैलरंगांचे नाव काढले, तर खर्चाचा प्रश्नही उभा राहतो. आपल्या समाजातील काही घरांत याहून निराळी शंकाही असते, ती म्हणजे चित्र काढणे दीनाच्या दृष्टीने योग्य की अयोग्य ही होय.

या काळज्या खोट्या नाहीत, म्हणून त्यांना उपदेशाने उत्तर देण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा ज्या माणसाने हा रस्ता प्रत्यक्ष चालून पाहिला, त्याचे चरित्र पाहणे अधिक उपयोगाचे. असा एक माणूस आपल्याच महाराष्ट्रात, कोल्हापुरात होऊन गेला. त्यांचे नाव चित्रकार आबालाल रहिमान. पश्चिम महाराष्ट्रातील चित्रकारांत हे नाव आजही आदराने घेतले जाते. परंतु आपल्या नागपूर-विदर्भाकडील मुस्लिम घरांत ते फारसे पोचलेले नाही. ती उणीव थोडी भरून निघावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

घराणे आणि बालपण

आबालाल यांचा जन्म १८६० च्या सुमारास कोल्हापुरात झाला. त्यांचे मूळ नाव अब्दुल अझीज. परंतु आबालाल हेच नाव रूढ झाले. त्यांचे घराणे श्रीमंत नव्हते, पण लेखणीचे होते. हाताने लिहिलेल्या कुरआन शरीफच्या प्रती तयार करण्याची परंपरा या घराण्यात होती. वडील अरबी-फारसीचे जाणकार होते.

आज छापील ग्रंथांच्या जमान्यात हस्तलेखन म्हणजे काय, याची कल्पना आपल्या मुलांना येणे कठीण आहे. या कामात बोरूचे टोक ठरावीक तिरकेपणाने कापावे लागते. कागद घोटून गुळगुळीत करावा लागतो. अक्षराची उंची डोळ्यांनी अदमासे ठरवायची नसते, तर त्याच बोरूने टेकवलेल्या नुक्त्याच्या मापाने ती मोजली जाते. अलिफ इतक्या नुक्त्यांचा, बे इतक्या नुक्त्यांची, असे हिशेब असतात. एका ओळीत चूक झाली तर पान वाया जाते. समासातील वेलबुट्टी रंगवताना श्वाससुद्धा सांभाळून घ्यावा लागतो.

अशा घरात वाढणाऱ्या मुलाला कोणी मुद्दाम चित्रकला शिकवली नाही, तरी प्रमाण, संयम आणि हाताची स्थिरता या तीन गोष्टी पाहूनच कळू लागतात, आणि चित्रकाराचे मूळ भांडवल याच तीन गोष्टींचे असते. सांगायचे एवढेच, की आबालाल यांच्या हाती कुंचला आला तो घराण्याची परंपरा मोडून नव्हे. बोरूकडून कुंचल्याकडे जाणारी वाट त्यांच्या घरातूनच निघाली होती.

त्यांच्या शिक्षणाची कथा अशी सांगतात, की कोल्हापुरातील इंग्रज रेसिडेंटच्या पत्नीला भाषा शिकवण्यासाठी आबालाल यांचे वडील जात असत. त्यांच्याबरोबर हा मुलगाही जाई. वडील शिकवीत असताना मुलगा बसल्या जागी चित्रे काढी. त्या बाईंच्या नजरेस ती चित्रे पडली, मुलाच्या हातात काही असामान्य आहे हे त्यांनी ओळखले आणि त्यांच्या शिफारशीमुळे मुंबईच्या कलाशाळेची वाट मोकळी झाली.

या प्रसंगात त्या बाईंच्या गुणग्राहकतेचे कौतुक नेहमी केले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु वडिलांचाही वाटा लक्षात घ्यावा. त्या काळी कोल्हापूरहून मुंबईला जाणे ही साधी गोष्ट नव्हती. मुलगा घरच्या लेखनाच्या व्यवसायात बसवला असता, तर दोन हात लगेच कामाला आले असते. असे असूनही वडिलांनी त्याला जाऊ दिले. ही गोष्ट चरित्रात एका ओळीत संपते. पण मुलाला परगावी शिकायला पाठवलेल्या कोणत्याही पालकाला तिचे वजन कळेल.

मुंबईचे शिक्षण

मुंबईची सर जे. जे. कलाशाळा १८५७ साली सुरू झाली. सर जमशेटजी जीजीभाई या पारशी दानशूर गृहस्थांनी तिच्यासाठी एक लाख रुपयांची देणगी दिली होती. आबालाल तेथे शिकत होते तो काळ १८८० नंतरचा. शाळेची सूत्रे त्या वेळी जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे होती. हेच ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुढे कित्येक हिवाळे अजिंठ्याच्या लेण्यांत जाऊन तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करीत होते.

येथील शिक्षणाचा क्रम नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण तैलरंगांत उतरू पाहणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यालाही तो लागू पडतो. कलाशाळेत आलेल्या मुलाच्या हाती पहिल्याच दिवशी रंग दिले जात नसत. आधी रेषा आणि सपाट आकृत्या, मग घन आकार आणि यथार्थदर्शन. त्यानंतर प्लास्टरचे पुतळे. युरोपातील प्राचीन शिल्पांचे हे पांढरे ठसे वर्गात ठेवलेले असत आणि विद्यार्थी तासन्‌तास त्यांच्यासमोर बसून पेन्सिलीने किंवा कोळशाने छायाप्रकाश टिपीत. पुतळा हलत नाही, रंगीत नसतो. त्यामुळे उजेड कोठून येतो, सावली कोठे गडद होते आणि कोठे विरते, एवढ्याच गोष्टीवर लक्ष राहते. हे साधल्यावर समोर बसलेला जिवंत माणूस, आणि मग रंग.

आबालाल यांनी ही सारी पायरी निष्ठेने चढली. विद्यार्थिदशेत त्यांनी केलेली काही रेखाटने जे. जे.च्या संग्रहात जपली गेली. चांगला विद्यार्थी म्हणून त्यांचा लौकिक झाला आणि व्हाइसरॉयचे सुवर्णपदक त्यांनी मिळवले. कोल्हापूरच्या लेखनिक घराण्यातील एका मुस्लिम मुलाने एकोणिसाव्या शतकात हा मान मिळवला, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी विसरू नये.

तैलरंगांची ओळख

तैलरंग हे माध्यम त्या काळी आपल्याकडे नवखे होते. आपली जुनी लघुचित्रे गोंदात कालवलेल्या रंगांची. भित्तिचित्रांची रीत आणखी निराळी. तेलात घोटलेला रंग कापडावर लावून छायाप्रकाशाचा भरीवपणा आणायचा, ही युरोपातून आलेली पद्धत. ती शिकावी कोठे, हा प्रश्नच होता. सुप्रसिद्ध चित्रकार राजा रविवर्मा यांचे उदाहरण घ्या. त्रावणकोरच्या दरबारात तैलरंग जाणणारे चित्रकार होते, पण ते आपली विद्या दुसऱ्याला देण्यास नाखूष होते. १८६८ साली थिओडोर जेन्सन नावाचे युरोपीय चित्रकार तेथे आले असता, तरुण रविवर्म्यांना त्यांचे काम नुसते पाहण्याची मुभा मिळाली. बाकीचे त्यांनी चुकत-माकत स्वतः शिकून घेतले. जी विद्या रविवर्म्यांना अशी वेचून घ्यावी लागली, ती आबालाल यांना शाळेत क्रमाने मिळाली. चांगली शाळा माणसाची किती वर्षे वाचवते, हे यावरून दिसते.

हे माध्यम काय आहे, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. तैलरंगांत वापरले जाणारे मुख्य तेल म्हणजे जवसाचे तेल. आपल्या विदर्भात जवस नवे नाही. जवसाची चटणी प्रत्येकाने खाल्लेली आहे. या तेलाचा एक गुण असा, की ते पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतील ऑक्सिजन शोषून ते हळूहळू घट्ट होते आणि त्याचा चिवट पापुद्रा बनतो. रंगाची बारीक पूड या पापुद्र्यात कायमची बसते. म्हणूनच शेकडो वर्षांपूर्वीची तैलचित्रे आज टवटवीत दिसतात. पूर्वी चित्रकार हा रंग स्वतः घोटीत. १८४१ साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने धातूची दाबून वापरण्याची नळी शोधून काढली, तेव्हापासून तयार रंग बरोबर घेऊन उघड्यावर जाऊन चित्र काढणे सोपे झाले.

जलरंग झटपट वाळतो, त्यामुळे त्यात चूक सुधारण्यास वाव थोडा. कागदाचा पांढरेपणा राखीत फिक्याकडून गडदाकडे जावे लागते. तैलरंग दिवसेंदिवस ओला राहतो. रंग एकमेकांत मिसळता येतात, न पटलेला भाग पुसून पुन्हा करता येतो आणि बहुधा गडदाकडून उजळाकडे जाता येते. नवशिक्याला तैलरंगांची भीती वाटते. वास्तविक चुका पोटात घालणारे असे दुसरे माध्यम नाही. मात्र ते उतावळ्या माणसाचे नव्हे. हस्तलिखिताच्या घरात वाढलेल्या आबालाल यांना हा संयम नवा नव्हता.

पुन्हा कोल्हापूर

शिक्षण पुरे झाल्यावर आबालाल यांना मुंबईत राहता आले असते. त्या शहरात व्यक्तिचित्रे करवून घेणारे धनिक होते, प्रदर्शने होती, ओळखी होत्या. पण ते कोल्हापूरला परत आले.

येथे एक तुलना मनात येते. कोल्हापुरातच १८६७ साली जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर हेही जे. जे.त शिकले. ते मुंबईतच राहिले, त्याच शाळेत वर्षानुवर्षे शिकवले, त्यांची चित्रे पुस्तकांतून आणि छापील प्रतींतून घरोघर गेली, त्यांनी आत्मचरित्रही लिहिले. त्यामुळे धुरंधरांच्या आयुष्याचा आणि कामाचा तपशील आज उपलब्ध आहे. आबालाल यांनी असे काहीच केले नाही. त्यांनी प्रसिद्धीचा मार्ग धरला नाही, आपल्या चित्रांची नोंद ठेवली नाही. दोघेही मोठे कलावंत. परंतु एकाचे काम जपले गेले आणि दुसऱ्याचे बरेचसे हरवले. हा फरक गुणांचा नव्हता, जपणुकीचा होता.

कोल्हापुरात कोटितीर्थ नावाचा तलाव आहे. आबालाल यांचे वास्तव्य आणि चिंतन या परिसराशी जोडलेले आहे. शहराच्या गजबजाटापासून दूर, एकट्याने ते काम करीत. पहाटेचे धुके, तलावावरचा संध्याकाळचा उजेड, रंकाळ्यातील संध्यामठ, झाडी, घाट, जुनी देवळे हे त्यांच्या चित्रांचे विषय. एकच जागा निरनिराळ्या वेळी कशी बदलते, हे ते पाहत राहत. जलरंगातील त्यांची कित्येक निसर्गचित्रे आकाराने लहान आहेत, पण त्यांत हवेचा आणि उजेडाचा जो भास आहे, तो पाहून जाणकारांना फ्रान्समधील दृक्‌प्रत्ययवादी चित्रकारांची आठवण होते. फ्रान्सला न जाता, कोल्हापूरच्या तलावाकाठी बसून हा माणूस केवळ डोळ्यांनी तेथवर पोचला होता.

साहित्याची मात्र नेहमीच चणचण असे. चांगले रंग परदेशातून मुंबईला येत आणि महाग असत. आबालाल यांच्याविषयी असे सांगतात, की हाताशी रंग नसले तर ते झाडपाल्यापासून आणि रंगीत दगड-मातीपासून रंग तयार करीत, आणि मिळेल त्या कागदावर चित्र काढीत. यात आश्चर्य वाटण्यासारखे फार नाही. आज दुकानात ज्याला यलो ऑकर किंवा बर्न्ट सायना म्हणतात, त्या मुळात माती आणि भाजलेली मातीच आहेत. कोल्हापूरच्या लाल-पिवळ्या मातीकडे पाहताना शिकलेल्या चित्रकाराला त्यात रंग दिसणारच. तरीही गरिबीला उगाच गोंडस रूप देऊ नये. चांगले साहित्य वेळेवर मिळाले असते, तर या माणसाचे अधिक काम टिकाऊ झाले असते, हेही तितकेच खरे.

चित्रे काढण्याबद्दल ज्यांच्या मनात धार्मिक शंका असते, त्यांनीही आबालाल यांच्या कामाकडे जरूर पाहावे. या प्रश्नावर आपल्या विद्वानांत मतभेद आहेत आणि त्यांचा निवाडा करणे हे या लेखाचे काम नाही. परंतु ज्यांना माणसांची चित्रे काढणे प्रशस्त वाटत नाही, त्यांच्यासाठीही पाणी, झाडे, आभाळ, इमारती, फळे-भांडी आणि सुलेखन एवढे मोठे क्षेत्र मोकळे आहे. आयुष्य खर्ची घातले तरी ते संपणार नाही.

शाहू महाराजांचा आश्रय

१८९४ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूरच्या राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली. कलावंतांची, मल्लांची आणि गवयांची कदर करणारा हा राजा होता. त्यांनी आबालाल यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. महाराजांना शिकारीची आवड होती. या मोहिमांवर ते आबालाल यांना बरोबर नेत आणि शिकारीची, जंगलाची, प्राण्यांची चित्रे त्यांच्याकडून होत. धावते जनावर काही क्षणच दिसते. ते मनात साठवून मागाहून चित्रात आणावे लागते. प्लास्टरच्या न हलणाऱ्या पुतळ्यांसमोर घालवलेले तास येथे उपयोगी पडले असतील यात शंका नाही.

शाहू महाराजांचे नाव निघाले असता आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत आणखी एका गोष्टीची आठवण करणे उचित होईल. १९०२ साली त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या. १९०६ साली त्यांच्या पुढाकाराने कोल्हापुरात मुस्लिम समाजासाठी शिक्षणसंस्था निघाली आणि मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. १९१७ साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. एका बाजूला गावोगावच्या मुलांसाठी शाळा आणि वसतिगृहे, दुसऱ्या बाजूला कोटितीर्थाकाठच्या एका चित्रकाराला आधार, ही दोन्ही कामे एकाच माणसाने केली. शिक्षण म्हणजे केवळ नोकरीची तयारी आणि कला म्हणजे केवळ चैन, अशी विभागणी त्यांच्या मनात नसावी.

अखेरचे दिवस

६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे निधन झाले. आबालाल यांना या घटनेचा फार मोठा धक्का बसला. पारखी गेला, आता चित्रे कोणासाठी, अशा विषण्णतेत त्यांनी आपली पुष्कळ चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, असे कोल्हापुरात सांगतात. कित्येक वर्षांचे काम असे नाहीसे झाले. त्यानंतरचे त्यांचे दिवस अधिकच एकांतात गेले. २८ डिसेंबर १९३१ रोजी ते अल्लाहला प्यारे झाले.

या कथेकडे कलावंताचा लहरीपणा म्हणून पाहून पुढे जाता येईल. पण तसे करू नये. ज्या कलावंताच्या कामाचा जाणता एकच असतो, त्याचे आयुष्य त्या एका माणसावर टांगलेले राहते. त्या काळी कोल्हापुरात ही चित्रे सांभाळणारे मोठे चित्रालय नव्हते. समाजातूनही कोणी पुढे होऊन ती आपल्या घरी नेऊन जपल्याची हकिगत ऐकिवात नाही. तलावात गेलेल्या चित्रांची जबाबदारी एकट्या आबालाल यांच्यावर टाकणे म्हणूनच न्यायाचे होणार नाही.

सुदैवाने त्यांची कला अगदीच बुडाली नाही. त्यांच्या पाठोपाठ कोल्हापुरात चित्रकारांची मोठी परंपरा उभी राहिली. आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर हे दोघे याच वातावरणात वाढले. बाबूरावांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि मराठी चित्रपटाचा पाया घातला. कोल्हापूरला कलापूर म्हणतात, त्या नावामागे आबालाल यांची मूक साधना आहे. त्यांची काही चित्रे कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहेत. तिकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी ती अवश्य पाहावीत.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी

विद्यार्थी मित्रहो, आबालाल यांच्या चरित्रातून प्रेरणा घेऊन कोणाला तैलरंगांत हात घालावासा वाटला, तर काही व्यावहारिक गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, रेखाटनाची वही. रोज अर्धा तास पेन्सिलीने समोरची वस्तू काढावी. घरातला तांब्या, सुरई, कांदा, जोडा यांपैकी काहीही चालेल. एका बाजूने खिडकीचा उजेड येईल अशी वस्तू ठेवावी आणि छायाप्रकाश टिपावा. जे. जे.चा पुतळा आपल्याकडे नाही. पांढरे अंडे किंवा चुन्याने रंगवलेले मडके तेच काम करते.

दुसरी गोष्ट, साहित्य थोडे घ्यावे. मोठी पेटी विकत घेऊ नये. पांढरा, यलो ऑकर, एखादा लाल, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर एवढ्या पाच नळ्या वर्षभर पुरेसे शिकवतात. पांढरा अधिक लागतो, म्हणून त्याची नळी मोठी घ्यावी. राठ केसांचे दोन-तीन चपटे ब्रश, एक लहान गोल ब्रश आणि पॅलेटवर रंग कालवण्यासाठी एक पात पुरे. चित्रासाठी तयार कॅनव्हास बोर्ड स्वस्त पडतो. साध्या कापडावर किंवा पुठ्ठ्यावर थेट तैलरंग लावू नये, कारण तेल मुरून तंतू कुजतात. आधी प्रायमरचे दोन हात द्यावेत. तेलही चित्रकारांसाठी मिळणारे शुद्ध केलेले जवसाचे तेलच घ्यावे. घाणीवरचे खाण्याचे तेल चटणीला उत्तम, पण चित्रावर ते लवकर पिवळे पडते.

तिसरी गोष्ट, पहिली चार-पाच चित्रे फक्त बर्न्ट अंबर आणि पांढरा या दोनच रंगांत करावीत. उजेड-सावली साधली की मग बाकीचे रंग घ्यावेत.

चौथी गोष्ट, थरांचा नियम. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ केलेला, कमी तेलाचा असावा. वरच्या थरांत तेलाचे प्रमाण वाढत जावे. उलट केले तर खालचा तेलकट थर सावकाश वाळतो, वरचा आधीच कडक होतो आणि काही काळाने चित्राला तडे जातात. चित्र हाताला कोरडे लागले तरी आतून वाळायला महिने लागतात. म्हणून व्हार्निशची घाई करू नये.

पाचवी गोष्ट सुरक्षिततेची, आणि ती पालकांनीही वाचावी. टर्पेंटाइन वापरताना खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. ते चुलीजवळ किंवा लहान मुलांच्या हाताला लागेल असे ठेवू नये. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि अशा बोळ्याला आपोआप आग लागू शकते. चिंध्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात भिजवून टाकाव्यात. ब्रश शेवटी साबणाने धुवावेत. साहित्याची काळजी घेणारा मुलगा मनाने अर्धा चित्रकार झालेला असतो.

नागपूरकरांसाठी दोन शब्द

हे सारे दूरच्या कोल्हापूरचे झाले, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या नागपूरचाही या इतिहासात वाटा आहे. जगप्रसिद्ध चित्रकार सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ साली मंडला जिल्ह्यातील बाबरिया गावी झाला. वडील जंगल खात्यात होते. कलेचे पहिले पद्धतशीर शिक्षण रझा यांनी १९३९ ते १९४३ या काळात नागपूरच्या कलाशाळेत घेतले, त्यानंतर ते मुंबईला आणि १९५० साली पॅरिसला गेले. २०१६ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना मंडल्यात वडिलांच्या कबरीशेजारी दफन करण्यात आले. अमूर्त चित्रकलेतील थोर चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचा जन्मही १९२४ साली नागपुरातच झाला.

रझा यांचे काम जगभरच्या संग्रहांत पोचले, आबालाल यांचे पुष्कळसे काम पाण्यात गेले. दोघांनाही वडिलांनी जाऊ दिले, दोघांनाही शाळा मिळाली. फरक पडला तो पुढे, काम पाहणारी आणि सांभाळणारी माणसे किती होती, यात.

म्हणून पालकांना विनंती एवढीच आहे. आपला मुलगा किंवा मुलगी मोठी चित्रकार होईलच असे नाही. बहुतेक मुले होणार नाहीत. शाळेचा अभ्यास सांभाळून, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षा देऊन, मग आवड टिकली तर पुढचा विचार करावा. पण मुलांनी काढलेली चित्रे रद्दीत घालू नका. मागे तारीख लिहून ती एका पेटीत ठेवा. सुटीच्या दिवशी त्यांना अजबबंगल्यात घेऊन जा आणि तेथील चित्रांसमोर थोडा वेळ थांबू द्या. शाळांनीही एक कपाट विद्यार्थ्यांच्या चित्रांसाठी राखावे आणि ज्याच्या घरी रंगांच्या पाच नळ्या घेण्याची ऐपत नाही, त्याला त्या शाळेतून मिळतील अशी व्यवस्था करावी.

कोल्हापूरच्या त्या लेखनिकाच्या मुलाची चित्रे प्रथम कोणीतरी थांबून पाहिली, म्हणून पुढचे सारे घडले. आपल्याही मुलांच्या वह्या आपण तशाच थांबून पाहाव्यात.